शेऱ्याचा रकाना

ज्या दिवशी मी रेकॉर्डवरच्या एका चऱ्याला दाद दिली, त्या दिवशी हा सगळा खटाटोप सुरू झाला.

2011 साली बदली होऊन मी औरंगाबादच्या कोषागारात रुजू झालो. शहराचे नाव तेव्हा तेच होते. समर्थनगरातल्या एका निवृत्त डॉक्टरसाहेबांकडे महिन्यातून एका रविवारी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला आठ-दहा मंडळी जमत, आणि माझ्या घरमालकांनी मला गाण्याची आवड असल्याचे परस्पर सांगून टाकल्यामुळे मलाही तिथे बोलावणे आले. आवड आहे हे खोटे नव्हते. पण माझी आवड म्हणजे गावच्या सप्ताहातले भजन, पहाटेचा काकडा, संबळावर रात्र जागवणारा गोंधळ आणि परभणी आकाशवाणीवर लागेल ते नाट्यगीत, एवढीच होती. माझ्या तिसऱ्या रविवारी डॉक्टरसाहेबांनी ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा राग लावला. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी ती एलपी 1960 च्या सुमारास निघालेली, आणि तिच्याविषयी बोलताना जाणकार मंडळी आपोआप आवाज खाली आणतात, हे तोवर माझ्या लक्षात आले होते.

सगळे डोळे मिटून बसले. मीही मिटले, पण मिटलेल्या डोळ्यांमागे माझे काय चालले होते ते सांगतो. एलपी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते, तेव्हा वीस मिनिटांच्या बाजूत साधारण 666 फेऱ्या होतात आणि एका फेरीला 1.8 सेकंद लागतात, हा हिशेब मी त्या बसल्या जागी दोनदा करून पडताळून पाहिला. शेवटाकडे लय वाढली आणि एक छोटी तान एकदा, पुन्हा आणि पुन्हा अशी तीन वेळा हुबेहूब आली. तीनदा आले म्हणजे तिहाई, एवढे ज्ञान गावच्या पखवाजामुळे मला होते. इतका वेळ मुका राहिल्याचे ओझेही मनावर होतेच, त्यामुळे मी हात उंचावून ‘वा, काय तिहाई!’ असे चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो. तीच तान चौथ्यांदा आली, पाचव्यांदा आली, आणि डॉक्टरसाहेबांनी उठून पिन अलगद पुढे सरकवली. ‘चरा आहे हो तिथे,’ एवढेच ते म्हणाले. कोणीही हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

निघताना एका ज्येष्ठ सभासदांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘हळूहळू कळेल’ असा दिलासा दिला. त्यांच्या मनात माया होती याविषयी मला शंका नाही, पण त्या दोन शब्दांनी मला रात्रभर झोप येऊ दिली नाही. कळले की आवडणारच, आणि आवडले नाही याचा अर्थ अजून कळलेलेच नाही, असे त्यात धरून चाललेले होते, आणि हे धरून चालणे बरोबर की चूक ते तपासण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नव्हते.

सरकारी नोकरीत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला शरमेवरचा उपायही वहीतच सापडतो. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना मी एक लांबट नोंदवही विकत घेतली आणि तिला रकाने आखले: दिनांक, ध्वनिमुद्रिका, कितव्यांदा, कुठे ऐकली, आणि सर्वांत शेवटी शेरा. नियम असा केला की नावाजलेली कोणतीही ध्वनिमुद्रिका दहा वेळा ऐकल्याशिवाय तिच्यावर अंतिम शेरा मारायचा नाही. तोवर ते प्रकरण प्रलंबित समजायचे.

पहिले प्रकरण अर्थातच मारव्याचे होते. एका परिचिताने तो मोबाईलच्या मेमरी कार्डावर घालून दिला आणि मी तो स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मोबाईल ठेवून ऐकू लागलो. पहिल्या पाच नोंदींचे शेरे आज वाचताना माझे मलाच संकोचल्यासारखे होते. ‘काही घडत नाही.’ ‘झोप लागली.’ ‘पुन्हा झोप.’ ‘शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या.’ पाचव्या नोंदीत मी आमच्या हिचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले आहे, कारण माझ्या मनातले तेच होते: ‘अहो, हे सुरू कधी होणार?’ तिचा प्रश्न वाजवी होता. अमीर खाँसाहेब विलंबित झुमरा तालात गातात, झुमऱ्याच्या मात्रा चौदा, आणि लय अशी सावकाश की एक आवर्तन पुरे होईपर्यंत आमच्या भजनी ठेक्याची कितीतरी आवर्तने होऊन टाळकऱ्यांना घाम फुटावा. ही अतिविलंबित चाल त्यांनी अब्दुल वहीद खाँ यांच्या गाण्यावरून घेतली आणि आपल्या स्वभावाला मिळवून घेतली, असे मी पुढे वाचले. वाचल्याने माहिती वाढली. झोप मात्र तशीच येत राहिली.

मोबाईलच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही, हे माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले. खाँसाहेबांच्या गाण्याचे अर्धे घर मंद्रात, आणि मी तर त्याची वरची माडी तेवढी ऐकत होतो. एक बऱ्यापैकी हेडफोन घेतला, तंबोरा पहिल्यांदाच नीट ऐकू आला, आणि सहाव्या व सातव्या नोंदीत झोपेचा उल्लेख नाहीसा झाला. त्या जागी ‘अस्वस्थ वाटते’ असा शेरा आला. याला प्रगती म्हणावे की अधोगती, ते मला ठरवता येईना.

मधल्या काळात किशोरीताई आमोणकरांचा भूप मी ऐकला आणि तो पहिल्याच वेळी आवडला, इतका की नऊ नोंदी करायच्या राहूनच गेल्या. बैठकीत मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा एकाने ‘भूप काय, कोणालाही आवडतो’ असे म्हणून माझा उत्साह जागच्या जागी बसवला.

वही चालू आहे म्हटल्यावर पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याला चेव आला. ‘मामा, जगातले नावाजलेले अल्बम ऐकल्याशिवाय तुमची वही अपुरी आहे,’ असे म्हणून त्याने एक पेन ड्राइव्ह भरून पाठवला. त्यातल्या पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयी थोडक्यात आटोपतो. 1973 साली निघालेला हा अल्बम 1988 पर्यंत अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत 741 आठवडे होता, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ, आणि हा आकडा पाहून मी दबकतच ऐकायला बसलो. त्यात एके ठिकाणी एकदम अनेक घड्याळांचे गजर होतात. त्या वेळी आमच्या हिने आतून ‘दूध उतू जातंय का बघा’ असे विचारले. मला त्यातले एकच गाणे मनापासून आवडले, ज्यात क्लेअर टोरी नावाची गायिका शब्दांवाचून नुसत्या आकारात गाते. तिला त्या रविवारच्या कामाचे 30 पौंड मिळाले होते आणि पुढे 2004 साली तिने आपल्या श्रेयासाठी दावा लावला, तो दुसऱ्या वर्षी तडजोडीने मिटून तिचे नाव रचनाकारांत आले, हे वाचून लेखा विभागातला माणूस या नात्याने मला समाधान वाटले. बाकीचा अल्बम दहा वेळा ऐकून निकाली काढला. शेरा: ‘माझ्यासाठी नाही. तक्रारही नाही.’

खरे अडले ते अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पाशी. जॅझमधला सर्वांत वाखाणलेला अल्बम कोणता, असे विचारले तर बहुतेक जण याचेच नाव घेतात. 1959 साली न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत, 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा अवघ्या दोन दिवसांत पाच रचना मुद्रित झाल्या. सोबत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, अशी एकेक असामी. वादकांना आधी जवळजवळ तालीम नव्हती. स्वरांचा जुजबी आराखडा हातात देऊन बाकीचे त्यांच्यावर सोपवले होते. हे सारे माझ्या मनाला पटण्यासारखे होते, कारण आराखडा घेऊन बसणे आणि बाकीचे आयत्या वेळी उभे करणे हे तर आपल्याकडच्या गाण्याचेच वर्णन झाले. ऐकताना मात्र असे होई की दोन-तीन मिनिटे बरे वाटावे, आणि मग एका जागी पायाखालची सतरंजी कोणीतरी ओढावी. प्रत्येक वेळी तेच. वहीत सलग चार नोंदींत ‘मध्येच बिघडते’ असा शेरा आहे.

बिघडते म्हणजे नेमके काय, हे शोधायला मी घरातली जुनी पेटी माळ्यावरून खाली काढली. या अल्बमची पहिली रचना ज्या स्वरसप्तकावर उभी आहे त्याला तिकडे डोरियन म्हणतात, असे भाच्याने कळवले होते. पांढरी दोनला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दाबत वर गेले की ते सप्तक होते. मी दाबत गेलो आणि चकितच झालो, कारण तो आपला काफी थाट होता. सोळा मोजण्या, एकेक चार मात्रांची, काफीत जातात. पुढच्या आठ मोजण्यांसाठी सगळे जण पांढरी दोनवरून उठून काळी दोनवर जातात, तिथेही काफीच वाजवतात, आणि शेवटच्या आठ मोजण्यांना पुन्हा पांढरी दोनवर परततात. एकूण बत्तीस, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बिघडत काहीच नव्हते, सा हलत होता. ज्या माणसाचा कान जन्मभर एकाच जागी रोवलेल्या सा वर पोसला आहे, त्याला देवळातली मूर्तीच आठ मोजण्यांपुरती शेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवल्यासारखे वाटणार.

यानंतर मी तो अल्बम चुका काढणाऱ्या लेखापरीक्षकाच्या नजरेने ऐकला आणि प्रत्येक सरकण बरोबर पकडली. आणखी एक गंमत वाचनात आली. 2 मार्चला मुद्रणाचे एक यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या वाजत राहिल्या, आणि ही चूक दुरुस्त झालेली आवृत्ती निघाली ती 1992 साली. तेहतीस वर्षे ताळेबंदात फरक राहिला आणि जगाने त्यालाच डोक्यावर घेतले होते! हे वाचून मला त्या अल्बमविषयी आपुलकी वाटू लागली. पण आपुलकी वाटणे वेगळे आणि रात्री दहा वाजता, दमून आल्यावर, हात आपण होऊन त्याच्याकडे जाणे वेगळे. दहावी नोंद झाली तेव्हा मी शेरा लिहिला: ‘समजला. आवडला नाही.’ हा शेरा लिहिताना मला एका जुन्या ऋणातून सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.

2012 च्या दिवाळीत मी गावी गेलो. गाव परतूर तालुक्यात. त्या वर्षी दुधनेत पाणी नव्हते, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि दिवाळी म्हणावी अशी कोणाच्याच घरी नव्हती. आमचे थोरले काका भजनी मंडळाचे पेटीमास्तर. चाळीस वर्षे त्यांनी सप्ताहाला पेटी वाजवली आणि शास्त्रीय गाण्याला ते ‘दम कोंडायचं गाणं’ म्हणतात. मारुतीच्या देवळात मंडळाचा ॲम्प्लिफायर आणि दोन साउंड बॉक्स असतात. एका संध्याकाळी भारनियमन संपून नुकतीच लाईट आली होती, काका वायर तपासत बसले होते, आणि तपासायला काहीतरी वाजवायला हवे म्हणून त्यांनी माझा मोबाईल मागितला. मी मारवा लावला. खरे तर गंमत करायचा माझा विचार होता. दिवस मावळत होता आणि मारवा त्याच वेळेचा राग आहे, हा योग मी जुळवून आणलेला नव्हता.

त्या मोठ्या खोक्यांतून खाँसाहेबांचा खर्ज सभामंडपात भरला. काकांनी थोडा वेळ ऐकले, मग वायर खाली ठेवली.

‘ह्याचा सा कुठंय रं?’

‘तंबोऱ्यात आहे ना, काका.’

‘तंबोऱ्यात हाय, ते कळतंय मला. गळ्यात कामून येईना? उंबऱ्यापातुर येतंय अन् माघारी फिरतंय.’

त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता हलवला, एका बोटाने सा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने आवाजाचा माग काढू लागले. खालचा निषाद, मग मधला सा टाकून थेट कोमल ऋषभ, गंधार, पुन्हा ऋषभ. पंचम त्या रागात नाहीच. मारव्यात ऋषभ आणि धैवत हे मुक्कामाचे स्वर, आणि सा मुद्दाम टाळायचा, हे मी पुस्तकात वाचले होते आणि वहीत उतरवूनही ठेवले होते. पण त्या क्षणापर्यंत ती माहिती माहितीच राहिली होती. काकांचे बोट सा वर दाबलेले, आणि समोरचा माणूस त्या सा च्या एक घर खाली येतो, एक घर वर जातो, तिथेच रेंगाळतो, आणि आत काही पाऊल टाकत नाही, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसावे तसे ऐकू आले. सहाव्या आणि सातव्या नोंदीत मी ‘अस्वस्थ वाटते’ असे लिहिले होते ते बरोबरच होते. मी त्याला दोष समजलो होतो, एवढीच चूक.

काकांनी पेटी थांबवली होती. त्यांचा उजवा हात मांडीवरून वीतभर वर उचललेला होता आणि तो तसाच राहिला. देवळात दिवा लावायला आलेली एक म्हातारी आमच्याकडे पाहत उभी राहिली. बराच वेळ गेला. किती, ते मी मोजले नाही, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. मग खाँसाहेब सा वर आले आणि टेकले. काकांचा हात मांडीवर आला.

‘आला बग,’ ते म्हणाले, आणि पुन्हा वायर तपासू लागले.

रात्री वहीत आठवी नोंद केली. ‘कुठे ऐकली’ या रकान्यात ‘मारुतीचे देऊळ, काकांसोबत’ आणि शेऱ्यात ‘उंबरा’ एवढा एकच शब्द. नववी आणि दहावी नोंद मी केलीच नाही. त्यानंतर मारवा किती वेळा ऐकला याचा हिशेब राहिलेला नाही. तबकडीची दुसरी बाजू, दरबारीची, मला आजही अधिक सोपी वाटते आणि थकलेल्या दिवशी मी तीच लावतो.

औरंगाबादला परतल्यावर मी बैठकीत हे सांगितले. डॉक्टरसाहेबांना उंबऱ्याची गोष्ट फार आवडली, त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. खांद्यावर हात ठेवणारे ते ज्येष्ठ गृहस्थ मात्र ‘म्हटलं नव्हतं का, कळेल म्हणून’ असे म्हणाले, तेव्हा मी पिशवीतून वही काढून ‘काइंड ऑफ ब्लू’चे पान त्यांच्यासमोर ठेवले. दहा नोंदी, काफी थाट, पांढरी दोन, काळी दोन, सोळा-आठ-आठ, यंत्राचा मंदपणा, सगळे तिथे होते, आणि खाली शेरा होता. त्यांनी चष्मा लावून पान वाचले आणि ‘अजून ऐका’ असे म्हणून वही परत केली. या उत्तरावर अपील नसते.

पुढच्या वर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी साउंड बॉक्स पुन्हा देवळात मांडले गेले आणि काकांनी पुन्हा मोबाईल मागितला. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते म्हणून मी ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली रचना लावली. सुरुवातीला एकटे बास वाद्य खालच्या आवाजात एक ओळ म्हणते आणि बाकीचे दोनच स्वरगुच्छांत तिला उत्तर देतात. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. काकांची मान हलू लागली.

‘हे तर गोंधळ्यावानी हाय. एक म्हणतोय, बाकीचे झील वढायलेत.’

मी काहीच बोललो नाही. दहा वेळा ऐकून आणि थाट काढूनही मला झील ऐकू आली नव्हती. सोळा मोजण्या झाल्या आणि सा सरकला, तशी काकांनी भुवई वर केली.

‘पट्टी बदलली.’

‘हो. आता पुन्हा पहिल्या पट्टीवर येतील.’

‘येऊ दे की. मधी जाऊन आले तर काय बिघडतंय?’

तेवढ्यात मंडळाची माणसे टाळ घेऊन आली, मी मोबाईल काढून घ्यायला हात पुढे केला, तर काकांनी तो अडवला आणि ती तुतारीसारखी वाजते ती जागा पुन्हा लावायला सांगितली. त्या रात्री मी वही उघडून दहाव्या नोंदीखाली आणखी एक ओळ आखली. कितव्यांदा: अकरा. कुठे ऐकली: देऊळ, काकांच्या सांगण्यावरून. शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.